फेलिसा मॅडमचं बसमधलं वाक्य

हालिगान गावच्या प्राथमिक शाळेच्या फाटकावर फेलिसा माग्बानुवा मॅडमचा फ्लेक्स आहे. त्या निवृत्त झाल्या त्या वर्षी लावला, आणि अजून कोणी उतरवलेला नाही. उन्हानं चेहरा निळसर पडलाय, पण खालची बक्षिसांची यादी नीट वाचता येते: तालुक्यात एकोणीस, प्रांतात अकरा, विभागात चार. गावात कोणी पाहुणा आला की त्याला हा फ्लेक्स दाखवतात. मॅडम मात्र बाजाराला निघाल्या की समुद्राच्या बाजूनं, वाळूतून जातात. लांब पडतं, चपलेत वाळू जाते, गुडघे कुरकुरतात, तरी त्या फाटकासमोरून जात नाहीत. विचारलं तर म्हणतात, "तिकडची हवा बरी असते."

हवेचं काही नाही. त्या यादीमागं एक नाव आहे, ते फ्लेक्सवर कुठंच नाही, ते त्यांना खुपतं.

मॅडमचा बाप नारळाच्या झाडांवर चढून ताडी काढायचा. पोरगी झाडाखाली बसून पुस्तक वाचायची, बाप वरून विचारायचा, "झालं का पान?" पोरगी शिकली, शिक्षिका झाली, आपल्याच गावच्या शाळेत लागली, लग्नबिग्न केलं नाही, भावाच्या घराच्या मागच्या खोलीत राहिली. ही गोष्ट त्या दर वर्षी सहावीच्या नव्या पोरांना पहिल्या दिवशी सांगायच्या. शेवटी म्हणायच्या, "पैशानं रताळी मिळतात. उत्तरं मिळत नाहीत." पोरं हसायची आणि ते वाक्य वहीत लिहून घ्यायची.

या गोष्टीत त्यांची कोन्स्वेलो आत्या कधी आली नाही. ही आत्या बाकोलोद शहरात एका साखरवाल्याच्या घरी कपडे धुवायची आणि दर महिन्याला न चुकता भाचीच्या फीची मनीऑर्डर करायची. मॅडम काही खोटं बोलत नव्हत्या. माणूस आपली गोष्ट सांगायला बसला की त्याला स्वतःचा घाम आठवतो, पैसे पाठवणारा हात आठवत नाही. तुमचं आमचंही तेच.

विज्ञानाच्या प्रश्नमंजूषेची तयारी करून घेणं हे मॅडमचं वेड. पहाटे पाचला शाळेच्या मागं बदामाच्या झाडाखाली निवडलेली दोन-तीन पोरं जमायची. मॅडम उकडलेली रताळी आणायच्या आणि बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा. डब्यात जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहिलेल्या प्रश्नांच्या चिठ्ठ्या, हजारांनी. उत्तर चुकलं की समुद्राकडं तोंड करून बरोबर उत्तर दहादा मोठ्यानं ओरडायचं. मासेमारीवरून परतणारे लोक होडीतूनच विचारायचे, "काय गं, आज कुठलं चुकलं?" काही मच्छिमारांना त्यामुळे ग्रहांची नावं पाठ होती.

तालुक्यात हालिगानची पोरं जिंकायची. प्रांतात कधी दुसरी यायची, कधी तिसरी. विभागाला, म्हणजे इलोइलो शहरात, कोणी पोचलंच नव्हतं. मॅडमना त्याचं वाईट वाटायचं, पण कारण त्यांना ठाऊक होतं: कष्ट कमी पडले. दुसरं कारण त्या ऐकूनच घेत नसत.

आर्लिन सुमागायसाय सहावीत आली ते सत्त्याण्णव साल. किडमिडी पोरगी, कान जरा मोठे, आवाज बारीक. आई नेनिता गिनामोस विकायची, म्हणजे बारीक कोळंबी मिठात मुरवून केलेला लगदा. त्यामुळे पोरीच्या दप्तरालाही त्याचा वास. मॅडमनी पहिल्याच आठवड्यात डब्यातल्या शंभर चिठ्ठ्या विचारल्या. पोरीनं एकाहत्तर सांगितल्या, आणि दुसऱ्या दिवशी उरलेल्या एकोणतीस न विचारता सांगितल्या. मॅडम त्या दिवशी घरी जाऊन भावजयीला म्हणाल्या, "ही इलोइलोला जाणार. आणि तिथून सायन्स हायस्कूलला."

सायन्स हायस्कूल म्हणजे प्रांताच्या मुख्य गावातली सरकारी शाळा. राहणं, जेवण, पुस्तकं सगळं फुकट, पण प्रवेश परीक्षा अवघड. हालिगानमधून तिथं अजून कोणी गेलेलं नव्हतं.

सप्टेंबरात शाळेचा वर्धापनदिन आला, आणि त्याबरोबर राणीची स्पर्धा. आमच्याकडं ही स्पर्धा कशी होते ते कुणाला सांगायला नको, आणि लाज वाटावी असंही त्यात कोणाला काही वाटत नाही. प्रत्येक वर्गातून एक मुलगी. एक मत म्हणजे एक पेसोचं तिकीट. ज्या पोरीची जास्त तिकिटं खपतील तिला मुकुट. पैसे शाळेच्या छपराला, नाहीतर कुंपणाला. दर तासाला माइकवरून गणना सांगतात, म्हणजे मागं पडलेल्या पोरीच्या काका-मामांना जोर येतो आणि ते पुन्हा खिशात हात घालतात.

सहावीची चिठ्ठी आर्लिनच्या नावाची निघाली. नेनितानं खिडकीचा पडदा उतरवून झगा शिवला. भाताच्या गिरणीवाल्याची क्लारिबेल पाचवीकडून उभी होती. शेवटच्या गणनेला क्लारिबेलची पाच हजार दोनशे साठ मतं झाली, आर्लिनची त्रेचाळीस. माइकवर स्वतः हेडमास्तर, एपिफानियो सर. मनानं वाईट माणूस नव्हे, पण माइक हातात आला की त्यांची जीभ सैल सुटायची.

"त्रेचाळीस!" ते म्हणाले. "चला, कुंपणाच्या खिळ्यांची तरी सोय झाली!"

सगळं मैदान हसलं. आर्लिनला स्टेजवर हसत उभं राहायला शिकवलं होतं, ती हसत उभी राहिली. मॅडमनी ते हसू पाहिलं आणि त्यांच्या मस्तकात तिडीक गेली. कार्यक्रम संपल्यावर स्टेजच्या मागं पोरगी झग्याच्या टाचण्या काढत होती, तिच्यापाशी त्या उकिडव्या बसल्या.

"रडतेस काय?"

"नाही मॅडम. टाचणी लागली."

"इकडं बघ. मी तुला अशा स्पर्धेत नेते, जिथं तिकीट चालत नाही."

"तिथं काय चालतं?"

"तू," मॅडम म्हणाल्या. "तू आणि तुझी मेहनत. बाकी कुणाच्या बापाचं काही चालत नाही."

पोरीनं ते खरं मानलं. अकरा वर्षांच्या पोरीनं फेलिसा मॅडमचं बोलणं खरं मानायचं नाही तर कुणाचं?

ऑक्टोबरात तालुका जिंकला. नोव्हेंबरात प्रांत जिंकला, तोही चर्चच्या सिस्टरांच्या खासगी शाळेला मागं टाकून. हालिगानमध्ये त्या दिवशी डुक्कर भाजलं. नेनिता घरोघर जाऊन गिनामोसची वाटी फुकट देत होती, आणि ती बाई फुकट काही देत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं.

डिसेंबरात विभागाचं पत्र आलं. स्पर्धा जानेवारीत, आणि या वर्षीपासून लेखी फेरीनंतर प्रात्यक्षिक: पाच मायक्रोस्कोप, पाच काचपट्ट्या, प्रत्येकीला एक मिनिट, दिसेल ते ओळखून लिहायचं. हालिगानच्या शाळेत मायक्रोस्कोप नव्हता. विज्ञानाच्या कपाटात एक भिंग होतं, एक तुटकं होकायंत्र आणि बरणीतला साप.

एपिफानियो सरांनी मॅडमना ऑफिसात बोलावलं. टेबलावर पत्र आणि कॉफी.

"मॅडम, बसा. मी चौकशी केलीय. इलोइलोच्या एका कॉलेजात माझ्या मेव्हण्याची ओळख आहे. दहा दिवस पोरीला घेऊन जा. रोज दोन तास मायक्रोस्कोपवर बसवतील. फी, राहणं, खाणं धरून तीन हजारांत भागतं."

"आणि तीन हजार कुठून आणायचे?"

"राणीचे आहेत ना. कुंपणाला अजून हात लावलेला नाही."

मॅडमनी कॉफीचा कप बाजूला सारला. "ते पैसे नकोत."

"का? पैशावर काय कुणाचं नाव लिहिलंय?"

"लिहिलंय की. क्लारिबेलचं. पाच हजार दोनशे साठ वेळा." मॅडमचा आवाज चढला. "आणि आर्लिनचं त्रेचाळीस वेळा. तुम्हीच माइकवरून मोजून दाखवलंत, सर."

"अहो, तो विनोद होता मॅडम."

"मग हाही विनोद समजा. ज्या पैशानं पोरीची चारचौघांत शोभा झाली, त्याच पैशानं तिला मेडल आणू? उद्या गिरणीवाला म्हणेल, माझ्या जिवावर जिंकली."

"म्हणू दे की! जिंकली तर ना म्हणेल?" सर वैतागले. "बरं, सिस्टरांच्या शाळेत एक मायक्रोस्कोप आहे. मी मागून बघू?"

"ज्यांना हरवलं त्यांच्या दारात हात पसरू? आम्ही पाठ करू, सर. पुस्तकात सगळी चित्रं आहेत."

"पोरीला तरी विचारा."

"पोरीला काय विचारायचं? अकरा वर्षांची आहे ती."

मॅडम ताठ मानेनं बाहेर पडल्या. त्या दिवशी त्यांना स्वतःचा अभिमान वाटला होता. नंतर हे सगळं बोलणं त्यांनी मनात इतक्या वेळा घोळवलं, की एपिफानियो सर वारले तरी त्यांचं ते एक वाक्य मेलं नाही: पोरीला तरी विचारा.

त्यांनी दुधाच्या डब्यांच्या खोक्याचा पुठ्ठा कापून मायक्रोस्कोप बनवला. वर बांबूची नळी, बाजूला बाटलीच्या बुचांची दोन चाकं, प्रत्येक भागावर नाव. आर्लिन डोळे मिटून चौदा भाग सांगायची. शेवाळ, बुरशी, कांद्याची साल, रक्ताच्या पेशी, सगळी चित्रं तिनं पुस्तकातून वहीत उतरवली आणि वहीतून डोक्यात. महिनाभर ती चारलाच बदामाच्या झाडाखाली येऊन बसायची, मॅडम पाचला यायच्या तेव्हा रताळ्याआधी प्रश्न मागायची. कोणी म्हणेल कष्ट कमी पडले, तर त्यानं त्या पहाटे तिथं येऊन बघायला हवं होतं.

इलोइलोच्या मोठ्या हॉलमध्ये सोळा मुलं. लेखी फेरीचे गुण फळ्यावर लागले आणि आर्लिन पहिली, दोन गुणांनी पुढं. मॅडमनी केळीच्या पानातला भात आणि सुका मासा सोडला आणि सगळा पोरीपुढं सरकवला. पलीकडं शहरातल्या एका शाळेचा मुलगा तीन शिक्षकांच्या मध्ये बसून तळलेली कोंबडी खात होता. एक शिक्षक जीवशास्त्राचा, एक रसायनाचा, तिसरा फक्त पंखा हलवायला असावा. मॅडमना त्यांची कीव आली. गर्वानं माणूस किती आंधळा होतो, बघा.

मग प्रात्यक्षिक. शिक्षकांना दोरीच्या मागं उभं केलं. घंटा झाली. शहरातली मुलं मायक्रोस्कोपपाशी गेली, एक डोळा मिटला, आणि न बघताच हातानं चाक फिरवलं, घरच्या दाराची कडी काढावी तसं. आर्लिन वाकली. दोन्ही डोळे उघडे. दोन्ही हात पाठीमागं बांधलेले, कारण दुसऱ्याच्या वस्तूला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही हे मॅडमनीच शिकवलं होतं. मॅडम दोरीपाशी पुढं सरकल्या. "चाक फिरव," त्या पुटपुटल्या. शेजारच्या शिक्षकानं त्यांच्याकडं रागानं बघितलं. घंटा झाली, पोरगी पुढच्या टेबलाशी गेली, तशीच वाकली, तसेच हात पाठीमागं.

पाचांपैकी शून्य. एकूण नववी.

बस स्टँडवर बाकावर बसल्यावर मॅडमनी विचारलं, "काय दिसलं तुला?"

"सगळीकडं काळे दोरे होते, मॅडम."

"दोरे?"

"जाड, जरा वाकडे. डोळ्याची उघडझाप केली की हलायचे." पोरगी आठवून आठवून सांगत होती, कारण तिला अजून वाटत होतं की उत्तर सापडेल. "पहिल्याला मी स्पायरोगायरा लिहिलं, ते शेवाळ दोऱ्यासारखं असतं ना. दुसऱ्यालाही तेच दिसलं. म्हटलं फसवतायत, म्हणून बुरशी लिहिलं. तिसऱ्याला कापूस. चौथ्याला मुळाचे केस. पाचव्याला काही सुचेचना, परत स्पायरोगायरा लिहिलं. ते काय होतं मॅडम?"

पापण्या होत्या. पोरीनं एका पाठोपाठ एक पाच मायक्रोस्कोपांत स्वतःच्याच पापण्या बघितल्या होत्या. मॅडमना ते तिथंच कळलं. कॉलेजात पहिल्या दिवशी त्यांनीही पापण्याच बघितल्या होत्या, आणि शेजारच्या मुलीनं हसून त्यांचं डोकं थोडं मागं ओढलं होतं. पाच मिनिटांचं काम. पण त्यासाठी समोर खरा मायक्रोस्कोप लागतो. पुठ्ठ्याच्या नळीत पापण्या दिसत नाहीत.

बस सुटली. डोंगराचा घाट लागला. मग आर्लिननं विचारलं, "मॅडम, मी कुठं कमी पडले?"

आता बोलायचं होतं. तू नाही पडलीस, मी पडले. पैसे समोर होते, मी माझ्या तोऱ्यापायी लाथाडले, तुला विचारलंसुद्धा नाही. दोन वाक्यं. पण ती बोलायची तर तीस वर्षांचं बोलणं मोडून पडत होतं. झाडाखालच्या सगळ्या पहाटा, ताडीवाल्याच्या पोरीची ती गोष्ट, सगळंच. आणि हेडमास्तर खरे ठरत होते. फेलिसा मॅडम घाबरल्या. एका पोरीला खरं सांगायला घाबरल्या, याला दुसरा शब्द नाही.

"आणखी थोडे कष्ट करायला हवे होते बाळ," त्या म्हणाल्या. "कष्ट कमी पडले."

"हो, मॅडम," आर्लिन म्हणाली. थोड्या वेळानं तिला झोप लागली आणि तिचं डोकं मॅडमच्या खांद्यावर आलं. घाटभर मॅडमनी खांदा हलवला नाही.

फेब्रुवारीत सायन्स हायस्कूलच्या परीक्षेचा फॉर्म आला. मॅडमनी स्वतःच्या हातानं नाव, गाव, जन्मतारीख भरली. फक्त सही राहिली. दोन दिवस झाले, पोरगी सही करायला येईना. मॅडम तिच्या घरी गेल्या. नेनिता कोळंबी निवडत होती.

"नाही म्हणते," नेनिता म्हणाली. "मी पण सांगून दमले, मॅडम. तुमचं तरी ऐकेल."

आर्लिन दारात आली. रडलेली नव्हती, रागावलेली नव्हती. शांत होती, त्याचीच मॅडमना भीती वाटली.

"मॅडम, मी पहाटे चारला उठत होते. मग शाळा, मग आईबरोबर बाजार, मग परत वही. याहून जास्त मला नाही येत. आणि तेवढं पुरत नाही, असं तुम्हीच म्हणालात. तिथं तर सगळी हुशार मुलं असणार. उगाच तुमची फजिती कशाला?"

नेनिता समोर होती. शेजारीण कुंपणाशी कान देऊन उभी होती. "विचार कर," एवढंच मॅडम म्हणाल्या आणि फॉर्म पिशवीत घालून परत निघाल्या. मुदत गेली. त्या परीक्षेला हालिगानमधून त्या वर्षी कोणी बसलं नाही.

पुढं आर्लिनचं जे झालं ते आमच्याकडं अनेकींचं होतं. गावातलं हायस्कूल, इलोइलोत चपलांच्या दुकानात नोकरी, एक नवरा, तो टिकला नाही, एक मुलगी, ती आजीकडं, आणि आर्लिन हाँगकाँगला एका घरी कामाला. दर महिन्याला पैसे पाठवते. घराला पत्रा चढला, मग सिमेंटच्या भिंती आल्या. गाव म्हणतं, पोरगी नशीबवान निघाली.

आणि मॅडमचं? पुढच्याच सप्टेंबरात त्या राणीच्या स्पर्धेची तिकिटं हातात घेऊन घरोघर फिरल्या. लोकांनी डोळे विस्फारले. मच्छिमार त्यांना मानांग, म्हणजे ताई, म्हणायचे; ते चेष्टा करायचे, "काय मानांग, तुम्ही पण मुकुट विकायला लागलात?" मॅडम म्हणायच्या, "दहा घे, बडबड कमी कर." त्या पैशातून जुना का होईना, मायक्रोस्कोप आला. नंतर त्या पोरांना दर वर्षी दहा दिवस इलोइलोला नेऊ लागल्या, सिस्टरांच्या दारातही गेल्या, गिरणीवाल्याच्याही गेल्या. मग विभागात बक्षिसं मिळाली. त्यांना बढती मिळाली. शेवटी फ्लेक्स लागला. जे शहाणपण त्यांनी पुढच्या पोरांना दिलं, त्याची किंमत आर्लिननं मोजली होती, आणि हे मॅडमशिवाय कुणालाच ठाऊक नाही, असं त्या समजत होत्या.

आर्लिन दोन वर्षांनी एकदा रजेवर येते. आली की एक दिवस मॅडमकडं यायचंच. चॉकलेटं, गुडघ्याला लावायचं मलम, बांबूच्या बाकावर बसून इकडच्या तिकडच्या गप्पा. दर वेळी मॅडम ठरवायच्या, या खेपेला सांगायचं. दर वेळी कॉफी व्हायची, गप्पा व्हायच्या, आणि निघायच्या आधी आर्लिन थोडा वेळ काही न बोलता बसून राहायची. मॅडमना तिची ती शांतता सोसायची नाही. त्या म्हणायच्या, "जा हो आता, आई वाट बघत असेल." ती उठून जायची.

यंदा ती मे महिन्यात आली, आणि बरोबर मुलगी होती. जेनिका, अकरा वर्षांची, कान आईसारखेच. पोरीनं तोंड पाडलं होतं. मॅडमच्या भावजयीनं माडाच्या पातीत गुंडाळून शिजवलेला चिकट भात पुढं ठेवला, त्यालाही तिनं हात लावला नाही.

"काय झालं हिला?" मॅडमनी विचारलं.

"प्रांताच्या विज्ञान प्रदर्शनात हरली," आर्लिन म्हणाली. "आता म्हणते, सातवीत विज्ञानाचं नाव काढायचं नाही. मॅडम, तुम्ही इतकी वर्षं पोरांना स्पर्धेला नेलंत. तुम्हीच हिला सांगा, ही का हरली."

ती मॅडमकडं बघत होती. अगदी स्थिर.

मॅडम पोरीकडं वळल्या. "काय केलं होतंस?"

"पेरूच्या पानाच्या रसानं पावावरची बुरशी थांबते का," जेनिका मान खाली घालून म्हणाली. "चाळीस दिवस. रोज ठिपके मोजले. वहीत लिहिले."

"मग?"

"जज म्हणाले, प्रयोगशाळेचा दाखला कुठाय. बाकी सगळ्यांकडं होता, इलोइलोचा, शिक्क्याचा. माझ्याकडं वही होती."

"दाखल्याला पैसे पडतात ना?"

"मास्तर म्हणाले, शाळेकडं नाहीत. म्हणाले, वही अजून नीट हवी होती."

मॅडमच्या जिभेवर ते जुनं वाक्य आपसूक आलं, इतक्या वर्षांची सवय. त्यांनी ते गिळलं. गिळताना डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्यांनी पुसलंही नाही.

"ऐक," त्या म्हणाल्या. "तू कमी पडली नाहीस. चाळीस दिवस ठिपके मोजणारी पोर कमी पडत नाही. त्यांच्याकडं पैसे होते, तुमच्या शाळेकडं नव्हते. एवढंच झालं. मेहनत लागतेच, पण नुसत्या मेहनतीवर जिंकता येतं असं तुला कोणी सांगितलं, तर ते खोटं आहे. मी लोकांना सांगत आले, ते पण खोटं होतं."

मग त्या आर्लिनकडं वळल्या आणि इतक्या वर्षांचं भडाभडा बाहेर आलं. राणीचे पैसे, हेडमास्तरांची कॉफी, सिस्टरांची शाळा, पुठ्ठा. "त्या पापण्या होत्या गं," त्या म्हणाल्या. "तुझ्या स्वतःच्या पापण्या. मला स्टँडवरच कळलं होतं."

"मला माहीत आहे," आर्लिन म्हणाली.

मॅडमना वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

"पहिल्या मालकांच्या मुलाला वाढदिवसाला एक मायक्रोस्कोप मिळाला होता. टेबल पुसताना मी सहज वाकून बघितलं. तेच काळे दोरे. तो पोरगा हसला, म्हणाला, आंटी, त्या तुझ्या पापण्या आहेत, मागं हो आणि हे फिरव. आठ वर्षांचा होता. मी फिरवलं." आर्लिननं बोटांनी चाक फिरवून दाखवलं. "कांद्याची साल होती, मॅडम. पुस्तकातल्यासारखीच. मी लगेच ओळखली."

"मग तू आलीस तेव्हा बोलली का नाहीस?"

"दर वेळी इथं बसून राहायचे. म्हणायचे, आज मॅडम बोलतील. तीन वेळा आले. तुम्ही म्हणायचात, आई वाट बघत असेल."

जेनिका एकदा आईकडं, एकदा मॅडमकडं बघत होती. मॅडमनी हात जोडले नाहीत, माफीही मागितली नाही. कुठल्या तोंडानं मागणार?

"आत्ता हिला जे म्हणालात," आर्लिन म्हणाली, आणि तिचा आवाज पहिल्यांदा फुटला, "तेवढंच बसमध्ये म्हणाला असतात, मॅडम. मी त्या परीक्षेला बसले असते."